उशामागची ओल

मा. संपादक,

फेंगशुई या चिनी वास्तुशास्त्राप्रमाणे पलंगाची डोक्याकडची बाजू भक्कम भिंतीला असावी, पडल्या पडल्या दार दिसावे, पण पाय थेट दाराच्या रेषेत नकोत. आरसाही समोर नको. फ्लॅटमध्ये नेमकी न्हाणीची भिंत उशाला येते, हीच मोठी चूक! गोव्याच्या पावसाळ्यात तिथे ओल मुरते, रंगाला फुगे येतात, गादीमागे काळी बुरशी धरते. जागा बदलता येत नसेल तर पलंग चार बोटे पुढे ओढा आणि सलग लाकडी हेडबोर्ड लावा.

कमोडचे झाकण पाडून न्हाणीचे दार बंद ठेवावे, हे फेंगशुईचे सांगणे बरोबरच. मात्र दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर एक्झॉस्ट पंख्याला हवा ओढता येत नाही. आंघोळीनंतर तो वीस मिनिटे चालू द्या. गळक्या नळाचा वॉशर कृपया आजच बदला.

– गृहसजावटकार, मडगाव