पहिली रशर

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

सरांनी तुला हॉकीच्या संघात पेनल्टी कॉर्नरला पहिली रशर, म्हणजे फटका अडवायला सगळ्यांआधी धावणारी, केलं हे तू सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन बाबांकडे दिला. तुला ते लागलं असणार. म्हणून हे पत्र. काळजीचं फार लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आधी हे ऐक. ही जागा कोणालाही देत नाहीत. गोलरेषेमागे कीपर धरून तुम्ही पाचच जणी, बाकीच्या सहा मध्यरेषेपलीकडे. गोलपोस्टपासून दहा मीटरवरून चेंडू आत आला की फ्लिक, म्हणजे स्टिकने उचलून गोलकडे फेकलेला फटका, सुटेपर्यंत साधारण दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात गोलमधून सुटून फ्लिकरच्या अंगावर जायचं. संघातली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात कमी बिचकणारी मुलगीच तिथे उभी करतात. नाना असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खडकी बाजारात ही बातमी झाली असती.

टोकियो ऑलिंपिकच्या ब्राँझचं सगळ्यांना काय आठवतं? कीपर श्रीजेश. आठवायलाच हवा. 5 ऑगस्ट 2021, जर्मनीविरुद्ध आपण 1-3 ने मागे होतो, तिथून 5-4 वर आलो, आणि शेवटचे सहा सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशने तो अडवला आणि 41 वर्षांनी पदक आलं. पण त्या स्पर्धेत गोलमधून पहिला सुटायचा तो अमित रोहिदास. फ्लिकरला मोकळेपणाने कोपरा निवडू द्यायचा नाही, त्याला घाई करायला लावायची, एक बाजू आपण झाकायची आणि दुसरी कीपरला सोडायची, हे काम त्याचं. धावफलकावर त्याचं नाव येत नाही. तीन दिवस आधी आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं, तेव्हाही असंच झालं. गुरजीतचा गोल सगळ्यांच्या लक्षात राहिला. ऑस्ट्रेलियाचे कॉर्नर मात्र एकामागून एक येत होते आणि कीपर सविता पुनियाच्या पुढे कुणीतरी दर वेळी धावत होतं. त्या मुलींच्या आयांचा विचार मी तेव्हा केला नव्हता, आता करते.

तर मास्क. सरावातसुद्धा मास्क घातल्याशिवाय रेषेवर उभी राहायचं नाही, फ्लिक मारणारी तुझी मैत्रीण असली तरी. "हळूच मारते" म्हणून मारलेला चेंडूही 156 ते 163 ग्रॅमचाच असतो. सामायिक किटमधला मास्क घेऊ नकोस. तो दुसरीच्या डोक्याच्या मापाने ताणलेला असतो, पट्टे घामाने सैल झालेले असतात आणि धावताना तो नाकावर घसरतो. आतला फोम कपाळाला आणि हनुवटीला सगळीकडे टेकला पाहिजे. मान जोरात हलवून बघ. जरा जरी सरकला तर पट्टा आवळ. कवचावर केसाएवढी चीर दिसली तर तो मास्क बाद, चिकटपट्टी लावून चालवायचा नाही. माउथगार्ड मास्कच्या आतही हवाच, कारण चेंडूच्या दणक्याने मास्कच जबड्यावर आपटतो. गुडघ्यांचे पॅड, पेल्विक गार्ड, डाव्या हातात ग्लोव्ह. आंतरराष्ट्रीय सामन्यात हे सगळं चढवायला 40 सेकंद मिळतात, तुमच्याकडे पंच किती थांबतील त्याचा भरवसा नाही. म्हणून सामान गोलच्या मागे, घालायच्या क्रमाने लावून ठेव. कॉर्नर संपला की मास्क काढून गोलच्या मागे टाक. डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, टाकलास तर कुणाचा तरी पाय त्यावर पडून मुरगळेल. चेंडू घेऊन निघालीस तर 23 मीटरच्या रेषेआत तो उतरला पाहिजे.

दादाच्या डोळ्यानंतर मी असं बोलते हे मला माहीत आहे. असो.

नाना सांगायचे ती 1975 ची क्वालालंपूरची वर्ल्ड कप सेमीफायनल मलेशियाविरुद्ध होती. आपण मागे होतो, सामना हातातून गेलेला, आणि बाकावरून आलेल्या अस्लम शेर खानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. मग जादा वेळेत हरचरणचा गोल. फायनलला पाकिस्तानविरुद्धही सुरजितने बरोबरी केली ती कॉर्नरवरच, मग अशोक कुमारचा गोल आणि 2-1. नानांना ते सगळं धावतं समालोचन पाठ होतं. त्या काळी चेंडू हाताने थांबवायचे आणि पाठोपाठ फटका. समोरून धावणाऱ्यांच्या तोंडावर काहीही नाही. नाना ते अभिमानाने सांगायचे, पण मला त्यात अभिमान वाटत नाही. मास्क असते तर त्या लोकांनीही घातले असते.

पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झालं आणि आपण सातवे आलो. खेळाचा पायाच बदलला होता. मी ज्या संघावर जीव टाकला तो त्यानंतरचा, धनराज पिल्लेचा. आपल्या खडकीचा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळला, पण ऑलिंपिकचं पदक नाही. 1998 ला बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली एशियाडचं सुवर्ण 32 वर्षांनी आलं, आशिष बल्लाळने शूटआउटमध्ये कोरियाला थोपवलं. आणि दोनच वर्षांनी सिडनी. पोलंडविरुद्ध जिंकलो असतो तर सेमीफायनल होती. अगदी शेवटी गोल खाल्ला आणि 1-1. धनराजचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. 2008 ला बीजिंगची पात्रताच हुकली, 2012 ला लंडनमध्ये बारा संघांत बारावे. तरी तू विचारायचीस, आई, तू हे का बघतेस? कारण हा संघ आपला आहे, दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

कुठून कुठे गेले. आता धावण्याचं सांगते, कारण मार बसतो तो बहुधा चुकीच्या रेषेने धावल्यामुळे.

इंजेक्ट करणारीच्या, म्हणजे गोलरेषेवरून चेंडू आत ढकलणारीच्या, खांद्याकडे बघू नकोस, तिच्या स्टिकला टेकलेल्या चेंडूकडे बघ. खांद्याची हालचाल फसवू शकते. तू आधी रेषा ओलांडलीस तर तुला मध्यरेषेपलीकडे पाठवतील, बदली मिळणार नाही आणि मागे चौघीच उरतील. तुझं अंग चेंडूच्या रेषेच्या डाव्या हाताला राहू दे आणि स्टिक उजवीकडे, रेषेवर, जमिनीला चिकटून. स्टिकचं तोंड थोडं पुढे झुकलेलं हवं. ते वर उघडलं तर फ्लिक स्टिकवर आदळून सरळ तुझ्याच चेहऱ्याकडे चढतो. कुठली बाजू तू झाकणार ते कीपरला आधी सांग आणि धावताना बदलू नकोस, नाहीतर तिच्या नजरेआड चेंडू जातो. शेवटच्या दोन पावलांत वेग आवर आणि खाली बस, म्हणजे ती फ्लिक न मारता बाजूला सरकवेल तेव्हा तुला वळता येईल.

आणि मान फिरवू नकोस. भीती वाटली की मान आपोआप बाजूला जाते आणि मग मास्कबाहेरची जागा, कान आणि कानशील, चेंडूसमोर येते. समोर बघणंच त्यातल्या त्यात सुरक्षित आहे.

फटका मारणारीपासून पाच मीटरच्या आत चेंडू तुला गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर, गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला आणि तू नीट उभी असलीस तर तुम्हाला फ्री हिट. म्हणून काही मुली मुद्दाम अंग पुढे करतात. तू करायचं नाही. स्टिक न लावता फटक्यात घुसलीस तर पंच तुझ्याविरुद्धच देतील, आणि द्यायलाच हवं. स्टिक वरही नको. पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनविरुद्ध रोहिदासची स्टिक समोरच्याच्या तोंडाला लागली, 17 व्या मिनिटाला लाल कार्ड. उरलेला सामना दहा जणांनी काढला, शूटआउटमध्ये जिंकले, पण सेमीफायनलला तो नव्हता आणि जर्मनीने 3-2 ने हरवलं. स्पेनला हरवून ब्राँझ आणलं खरं. तरी ती सेमीफायनल मला अजून बोचते.

डोक्याला लागलं तर, अगदी थोडं लागलं तरी, त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. चक्कर नाही, ओकारी नाही, ठीक वाटतंय, असं काहीही असो. सरांना सांग, डॉक्टरांना दाखव, मग मला फोन कर. हा क्रम. तुझ्या वयात ठीक वाटतं तेच फसवं असतं.

सगळं भाषण झालं. माफ कर, तुला यातलं निम्मं माझ्याआधी माहीत असेल. सरांनी तुला निवडलं ते उगाच नाही आणि मी ते पद सोड म्हणणार नाही. आजीने म्हटलं तरी मी तिला समजावीन.

मामा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर नवा मास्क पाठवते. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून टेपने मोजून कळव, केस बांधलेले असताना. वेणी वर बांधत असशील तर मागचा पट्टा तिच्या खालून येईल असा बघून घेते.

तुझी,
आई

ता. क. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांनी दाबतात तो तात्पुरता चालेल. सुट्टीत आलीस की दातांच्या डॉक्टरांकडून तुझ्या मापाचा करून घेऊ, बाबांशी बोलले आहे.