मुलाची पहिली रायफल त्याच्या खांद्याच्या बेताने घ्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ज्या देशांत परवाना, किमान वय आणि हंगाम यांचे नियम पाळून शिकार करता येते, तेथील घरांमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी पहिली रायफल कोणती द्यावी, हा प्रश्न दर हंगामाच्या तोंडावर उभा राहतो. अशा वेळी वडीलधारी मंडळी आधी जनावराकडे पाहतात, त्याला लोळवायला पुरेल असे काडतूस ठरवतात आणि मग त्या काडतुसाची वजनाला हलकी अशी रायफल मुलाच्या हाती देतात. हा क्रमच चुकीचा आहे, असे माझे अनुभवांती झालेले ठाम मत आहे.

माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतीत मी नेमके हेच केले. तो बारा वर्षांचा असताना मी त्याला .३०-०६ या मोठ्या, जोरकस काडतुसाची हलकी रायफल दिली. पहिल्या दिवशी त्याने मेजावर टेकून चार बार काढले आणि खांद्यावर निळा डाग उमटला तरी तक्रार केली नाही, म्हणून मला समाधान वाटले. पुढच्या खेपेस मी त्याच्या नकळत एक दारू नसलेले सरावाचे काडतूस भरले. त्याने चाप ओढला, नुसता खटका वाजला. पण नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली गेले, डोळे गच्च मिटले आणि खांदा आपसूक पुढे आला. धक्का बसण्याआधीच धक्क्याची भीती त्याच्या अंगात शिरली होती. ती घालवायला वर्षभर .२२ या लहान, नाममात्र धक्क्याच्या काडतुसाच्या रायफलीवर सराव घ्यावा लागला. त्या अवस्थेत त्याला जंगलात नेले असते, तर गोळी पोटात किंवा पायाला लागून ते जनावर दिवसभर तडफडत फिरले असते.

धक्क्याचे गणित साधे आहे. काडतूस तेच असेल, तर रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. चार किलोच्या रायफलीतून काढलेला बार तीन किलोच्या रायफलीतून काढला, तर धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. ‘लहान मूल आहे, हलकी रायफल द्या’ हा सल्ला म्हणूनच फसवा ठरतो. मुलाला जड रायफल उभ्याने पेलत नाही हे खरे. पण त्यावर तिकाटण्याचा टेकू हा उपाय आहे, आणि टेकू घेऊन, बसून नेम धरण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

आता काडतुसाविषयी. साडेतीन किलोंच्या आसपासच्या रायफलीतून .३०-०६ची जड, सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी झाडली, तर खांद्यावर साधारण २० फूट-पौंड (हे ऊर्जेचे माप) धक्का बसतो. तेवढ्याच वजनाच्या, पण .२४३ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलीतून ६.५ ग्रॅमची गोळी झाडल्यास तो निम्म्याहूनही कमी, म्हणजे ९च्या आसपास भरतो. हे काडतूस १९५५ साली बाजारात आले; .३०८ या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड आवळून ते बनवले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक जातींच्या हरणांसाठी कायद्याने किमान .२४० इंच व्यासाची गोळी आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड ऊर्जा आवश्यक धरली आहे, आणि त्या अटीत बसणाऱ्या सौम्य काडतुसांत .२४३ वरच्या क्रमांकावर आहे. १९८० सालचे ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा २००७ सालचे ६.५ क्रीडमूर यांचा धक्का त्याहून थोडा अधिक, साधारण १२च्या घरात असतो, आणि जरा थोराड मुलाला ती मानवतात. यांपैकी कोणतेही निवडले तरी गोळी मोठ्या जनावरासाठी घडवलेली, आत शिरून नीट पसरणारी आणि तुकडे न होणारी असावी. लहान उपद्रवी प्राण्यांसाठी केलेल्या ठिसूळ गोळ्या .२४३मध्येही मिळतात, त्या हरणावर चुकूनही वापरू नयेत.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, की मूस किंवा एल्कसारख्या अजस्र जनावराला .२४३ कमी पडेल. पडेलच, पण म्हणून मुलाच्या हाती मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या, काडतुसाची रायफल देणे हे त्याचे उत्तर नव्हे. ते जनावर दोन-चार वर्षे पुढे ढकलावे. मुलाला पेलेल त्या काडतुसाला साजेसे जनावर निवडावे. जनावरासाठी मुलाला न पेलणारे काडतूस त्याच्या खांद्यावर लादू नये.

दस्त्याच्या, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, लांबीकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साधारण ३४ सेंटिमीटर असते. मुलांना ३० ते ३२ पुरते. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत ठेवावे. तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले तर माप जमले. दस्ता लांब असला, की मूल पाठीत मागे कलते, दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकतो आणि रायफलीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीत डोळा नेण्यासाठी मान ताणावी लागते. दस्ता कापून आखूड करणे हा चांगला उपाय आहे; मात्र त्यामुळे डोळा दुर्बिणीच्या जवळ येतो, म्हणून दुर्बीण पुढे सरकवून पुन्हा बसवून घ्यावी. डोळा आणि दुर्बीण यांत साधारण नऊ सेंटिमीटर अंतर राहिले नाही, तर धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईत घुसते. ती जखम भरते, पण दुर्बिणीचे भय जात नाही. कापलेला तुकडा जपून ठेवावा, कारण मूल वाढते आणि दोन वर्षांत तो पुन्हा जोडावा लागतो.

चाप फार कडक नसावा. तीन-साडेतीन किलोच्या रायफलीचा चाप ओढायला तीन किलोचा जोर लागत असेल, तर लहान बोट तो हिसडतेच; दीड किलोच्या आसपासचा चाप बरा. काडतुसावर आघात करणारा कोंबडा हाताने मागे ओढावा लागतो अशी एकनळी रायफल साधी दिसते, पण थंडीने बधिर झालेल्या लहान अंगठ्याखालून कोंबडा निसटू शकतो. मी बोल्टची, म्हणजे दर बारानंतर हाताने खिटी मागे-पुढे सरकवावी लागते अशी, रायफल घेईन आणि पहिला पूर्ण हंगाम तिच्यात एका वेळी एकच काडतूस भरू देईन.

मूल जितके खांद्याच्या माराने दचकते तितकेच आवाजाने दचकते, आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच बारही कानाला कायमची इजा करू शकतो. रायफलीचा आवाज त्याच्या बराच वर असतो. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला जे ब्रेक बसवतात त्यांनी आवाज आणखी वाढतो; म्हणून मुलांच्या रायफलीला ते मला पसंत नाहीत. सरावात कानात बोळे आणि वर कानटोप अशी दुहेरी काळजी घ्यावी आणि मोठ्या काडतुसाचे दिवसाला आठ-दहाच बार काढावेत. बाकी सगळा सराव .२२वर.

‘पहिली रायफल’ म्हटले, तरी ती मुलाच्या ताब्यात द्यायची नसते. ती कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्या माणसाकडे, ही व्यवस्था मुलगा कितीही समंजस असला तरी मोडू नये.

धाकट्या मुलीच्या वेळी मी क्रम बदलला. आधी .२२, मग मापाने कापलेल्या दस्त्याची .२४३, आणि अट एकच: शंभर मीटरवर टांगलेल्या वीस सेंटिमीटरच्या थाळीत, बसून, टेकू घेऊन, पाचपैकी पाच गोळ्या लागल्याशिवाय जंगलात जायचे नाही. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढीच असते. तिला ती अट पुरी करायला दोन वर्षे लागली, आणि मधला एक हंगाम ती माझ्याबरोबर नुसती दुर्बीण घेऊन आली.

आपला,
नेमबाजी शिकवणारा एक वाचक