कॉफीच्या कपाचा हिशेब ग्राहकासमोर मांडावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

कॅफेतील कॉफीची किंमत हा विषय अलीकडे घराघरांतल्या गप्पांत वारंवार निघतो आणि त्यातले दोन सूर ठरलेले असतात. अडीचशे रुपयांची कॉफी ही शुद्ध लूट आहे, असे एक बाजू म्हणते. ज्याला परवडत नाही त्याने अमृततुल्यात जावे, असे दुसरी बाजू सुनावते. पुण्यातील एका लहान कॅफेत बरिस्टा म्हणून, म्हणजे कॉफी बनवून देण्याचे काम करणाऱ्या मला हे दोन्ही सूर मान्य नाहीत. किंमत विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. परंतु कपात नेमके काय आहे आणि त्याचे पैसे कोणाकोणाला मिळतात, हे तो सहसा विचारत नाही आणि आमचा व्यवसाय ते आपण होऊन सांगत नाही. ही माहिती प्रत्येक कॅफेने लिहून लावावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

काउंटरवर मोठे यंत्र दिसते, त्यामुळे कळ दाबली की कॉफी येते असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः एका दुहेरी एस्प्रेसोसाठी, म्हणजे दाबाने काढलेल्या कॉफीच्या घट्ट अर्काच्या दोन मात्रांसाठी, साधारण १८ ग्रॅम कॉफी ताजी दळून, सारखी पसरून, दाबून बसवावी लागते. तिच्यातून ९२ ते ९४ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने जाते आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास अर्क उतरतो. तोच अर्क पंधरा सेकंदांत उतरला तर आंबट आणि पाणचट लागतो, पाऊण मिनिट लागले तर कडवट होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि हवा दमट झाली की आदल्या दिवशी अचूक असलेले दळण दुसऱ्या दिवशी चालत नाही. म्हणून कॅफे उघडण्यापूर्वी आम्ही काही कप काढतो, चाखतो, ओतून देतो आणि ग्राइंडर पुन्हा लावतो. दुधाचेही तसेच आहे. ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवलेल्या दुधाला जी गोडी असते, ती उकळत्या दुधाला राहत नाही. ‘कॉफी जरा कोमट वाटते’ ही तक्रार रोज ऐकावी लागते. ज्यांना कडक गरम हवी त्यांना ती तशी द्यावी, याबद्दल माझा वाद नाही. मात्र कमी तापवण्यामागे हयगय नसून हिशेब असतो, एवढे ग्राहकाला ठाऊक असावे.

आता पैशांविषयी. भाजलेल्या चांगल्या कॉफीचा भाव किलोला बाराशे रुपये धरला, तर एका किलोत अठरा ग्रॅमचे सुमारे पंचावन्न भाग होतात आणि एका कपातील कॉफी बावीस रुपयांच्या आसपास पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका या कॉफीच्या जातीचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला आणि त्यानंतर किंमतवाढीचे कारण म्हणून हे भाव पुढे केले जाऊ लागले. भाववाढ खरीच होती. परंतु बिया दुप्पट महागल्या तरी वरच्या हिशेबाने कपामागे वीस-बावीस रुपयेच वाढतात. उरलेली रक्कम जागेचे भाडे, दूध, वीज, यंत्रांचे हप्ते, कर, पगार आणि नफा यांची असते. शहरातील जागांचे भाडे पाहता मालकांची अडचण मला समजते. पण मग भाड्याचा बोजा शेतकऱ्याच्या नावावर लिहू नये.

कारण त्या बावीस रुपयांतलाही एक भागच मळ्यापर्यंत पोहोचतो. अरेबिकाची फळे साधारण नोव्हेंबरपासून पिकू लागतात आणि ती एकाच वेळी पिकत नसल्याने एकाच झाडावरून पुन्हा पुन्हा हाताने वेचावी लागतात. पाच-सहा किलो फळांपासून जेमतेम एक किलो कच्च्या बिया मिळतात आणि भाजताना त्यांचेही वजन आणखी घटते. देशातील बहुसंख्य कॉफीमळे दहा हेक्टरांपेक्षा लहान आहेत. पूर्वी उत्पादकाला आपले पीक केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाकडे द्यावे लागे. १९९०च्या दशकात ते बंधन टप्प्याटप्प्याने उठले. त्यातून स्वातंत्र्य मिळाले, तसेच न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारांतील चढउतारांचे ओझेही थेट शेतकऱ्याच्या खांद्यावर आले. कॉफीविषयी बोलताना राजकारण कशाला आणता, असे मला कोणी विचारले, तर या एका धोरणबदलाकडेच मी बोट दाखवीन.

एवढ्या कष्टाने पिकवलेल्या या मालाचे नाव मेन्यूवर मात्र क्वचित दिसते. कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरी येथील अरेबिका, वायनाडची रोबस्टा या दुसऱ्या जातीची कॉफी आणि आंध्रातील आदिवासी शेतकरी पिकवतात ती अराकू खोऱ्यातील अरेबिका, या पाचांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही अनेक कॅफे इथिओपिया आणि कोलंबिया ही नावे ठळक अक्षरांत लावतात आणि शेजारच्या राज्यातून आलेल्या बियांना ‘हाउस ब्लेंड’ या मोघम नावाखाली झाकतात. बाबाबुडन या सूफी संताने येमेनहून सात बिया आणल्या, अशी परंपरा ज्या डोंगररांगेविषयी सांगितली जाते, ती पुण्याहून काही फार लांब नाही. आपल्या राज्यात मेळघाटातील चिखलदऱ्यालाही थोडीफार कॉफी होते, हे तर मराठी ग्राहकांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. मेन्यूवर मळ्याचे किंवा निदान जिल्ह्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापायला दोन ओळींपलीकडे जागा लागत नाही.

चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या एका भाजलेल्या मुळाच्या भुकटीचा प्रश्न तर सरळ कायद्याशी निगडित आहे. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. दुकानातून पाकीट घेणाऱ्याला म्हणूनच ते वाचता येते. त्याच पाकिटातील भुकटी घालून केलेली कोल्ड कॉफी दोनशे रुपयांना समोर येते, तेव्हा ग्राहकाला यातले काहीच कळत नाही. चिकोरी वाईट असे माझे म्हणणे मुळीच नाही. दक्षिणेतील अनेक घरांत फिल्टर कॉफी चिकोरी घालूनच आवडीने प्यायली जाते. तसेच जायफळ-वेलची घातलेल्या, भरपूर दूधसाखरेच्या आपल्या घरगुती कॉफीला नाके मुरडणारे जाणकारही मला पटत नाहीत. ज्याला साखर हवी त्याने ती निःसंकोच मागावी. पण आवड कोणतीही असो, आपण काय पितो आहोत हे कळण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

बिलातील सेवा शुल्काबाबतही अशीच संदिग्धता आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवा शुल्क आपोआप आकारण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. मी पूर्वी जिथे काम करीत असे, तिथे हे शुल्क कर्मचाऱ्यांसाठी आहे असे ग्राहकांना सांगितले जाई आणि आम्हाला त्यातील एक रुपयाही मिळत नसे. म्हणून शुल्क न देणाऱ्या ग्राहकावर माझा राग नाही. पण टीप ठेवलीच, तर ती कोणाला मिळते हे त्याने अवश्य विचारावे.

कामाच्या तासांविषयी एक गोष्ट इथे नमूद करणे मला अत्यंत गरजेचे वाटते. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी ती दहा तास करण्यास मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. आमच्यासारख्या लहान कॅफेत इतके लोक नसतात, त्यामुळे देखरेख आधीच विरळ असते. दिवसभर उभे राहून, वाफेच्या नळीशेजारी, खांदा आणि मनगट सतत वापरून करायच्या कामात दहावा तास काय असतो, हे धोरण ठरवणाऱ्यांनी कामगारांना विचारायला हवे होते.

या देशातील कॉफी आणि कामगार यांचा संबंध जुना आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने ही केंद्रे बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफी हाउसे स्वतः चालवायला घेतली. कोलकात्यापासून केरळपर्यंत तिथे एका कपावर तासन् तास वादविवाद चालले आणि कॉफी वाढणाऱ्या कामगाराचा मालकीत वाटा असल्यामुळे त्याला वेगळी प्रतिष्ठा होती. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात आजच्या तरुण बरिस्टांची अशी एखादी संस्था का उभी राहू नये, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एका कपावर दुपारभर बसणाऱ्यांवर, विशेषतः स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींवर होणारी टीका मला म्हणूनच अन्यायकारक वाटते. वाचनालयात जागा नाही आणि खोलीत चौघे राहतात, अशा विद्यार्थ्याने गर्दी नसताना टेबल अडवले तर कॅफेचे फार बिघडत नाही. चुटकी वाजवून बोलावणारा ग्राहक मला अधिक सलतो. काउंटरमागे ईशान्य भारतातून, ओडिशातून, मराठवाड्यातून आलेली मुले शेजारी शेजारी काम करतात. त्यांनी मराठी शिकावी, अशी माझीही मनापासून इच्छा आहे. धीराने दोन वाक्ये बोलणाऱ्या ग्राहकांमुळे ती शिकतात, हे मी रोज पाहते. दरडावणाऱ्यासमोर ती गप्प होतात.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि उपाहारगृह चालकांच्या संघटनांनी एकत्र बसून चार बाबी दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे: कॉफी कुठली, भाजली केव्हा, चिकोरी किती आणि टीप कोणाला. पुण्यातील दहा-बारा कॅफेंनी जरी हे स्वेच्छेने सुरू केले, तरी नियमाची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या कॅफेच्या मालकांपुढे मी हा प्रस्ताव मांडला असून बियांचे गाव आणि भाजल्याची तारीख फळ्यावर लिहिण्यास त्यांनी होकार दिला आहे. टीपेच्या वाटपाबाबत आमची बोलणी अद्याप सुरू आहेत.

आपली नम्र,
एक बरिस्टा, पुणे