चित्रकलेच्या मुलांना नकाशे कशाला? मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका कला महाविद्यालयात कला आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवते. मुलांना नकाशांवर काम करता यावे म्हणून मंजूर झालेले संगणक वाजतगाजत आले, फीत कापली गेली, फोटो निघाले. गेल्या आठवड्यात तेच संगणक दुसऱ्या कामासाठी उचलून नेले. जाब विचारला तर साहेब म्हणाले, "चित्रकलेच्या मुलांना नकाशे कशाला हवेत?"

कशाला, ते सांगते. पाठ्यपुस्तकात कार्ल्याच्या लेण्यातला चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) म्हणजे एक धुरकट फोटो. मुले खांब मोजतात, पाठ करतात, विसरतात. तेच कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नरची लेणी आम्ही गूगल अर्थवर खुणा करून पाहिली. मग सोपारा, कल्याण, नाणेघाट, पैठण जोडले. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारी वाट डोळ्यांसमोर आली आणि लेणी त्या वाटेच्या आसपास सापडली. बेडशाच्या शिलालेखात नाशिकच्या श्रेष्ठीचा, म्हणजे बड्या व्यापाऱ्याचा, मुलगा दान देतो, कार्ल्याच्या लेखात वैजयंतीचा (आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा) श्रेष्ठी भेटतो. इतक्या लांबची माणसे इथे पैसा का ओततात, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला. फोटो पाहून तो कधीच पडला नव्हता.

वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्याचेही तसेच. कैलास वरून खाली कोरत आणला, हे वाक्य सगळ्यांना पाठ. उपग्रहचित्रात तीन बाजूंनी कातलेला कडा आणि मधोमध मंदिर दिसले, तेव्हा ते पहिल्यांदा कळले.

यासाठी पैसे तरी किती लागतात? नकाशे बनवायचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, गूगल अर्थ फुकट आहे, इस्रोचे 'भुवन' हे उपग्रहचित्रांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे. हवे आहेत बरे संगणक, टिकणारे इंटरनेट आणि शिकवणारा माणूस. तो माणूस तुम्ही तासिका तत्त्वावर ठेवला आहे. सुट्टी लागली की माझा पगार बंद. झालेल्या तासांचे मानधनही महिनोन्महिने अडकते, घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. नकाशे मी माझ्या लॅपटॉपवर, माझ्या मोबाइलच्या डेटावर दाखवते आणि पन्नास-साठ मुले त्या एका पडद्यावर वाकून बघतात. रात्री जागून केलेली ही तयारी कुठल्याच तासात धरली जात नाही. मी दमले आहे, साहेब, आणि चिडलेही आहे.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा राज्यभर फलक लागले. त्या बारांपैकी जिंजी तमिळनाडूत का, साल्हेर तिकडे उत्तरेच्या टोकाला का, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग समुद्रात नि किनाऱ्यावर का, हे समजून घ्यायचे तर नकाशाच लागतो. वारशावर भाषणे करायला तुम्हा सगळ्यांना वेळ असतो. तो शिकवायची वेळ आली की पदे रिक्त, निधी दुसरीकडे आणि कला म्हणजे उरलेल्या वेळातला उद्योग! शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देतात, कॉलेजात आमचे संगणक उचलतात. अपमान एकच आहे.

आमचे संगणक परत करा. खोलीला इंटरनेट द्या. रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा. आणि वर्षातून एकदा मुलांना प्रत्यक्ष लेण्यांत नेण्याचा खर्च मंजूर करा, कारण पडद्यावर दगडाला हात लावता येत नाही. यातले काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लेखी कळवा. तोंडी आश्वासन मी आता घेणार नाही.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका