बाबा, ओसरीजवळ एक पॉवर प्लग बसवून घ्या ना

आई, बाबा,

माझी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला तिकडे वेगळा प्लग हवा, हा विषय फोनवर काढला की बाबा तुम्ही "बघू" म्हणता आणि बोलणं भाताच्या लावणीवर जातं, म्हणून लिहूनच पाठवतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी एक खरं सांगते. मागच्या वेळी मी रविवारी जेवण झाल्या झाल्या तीनलाच निघाले ना, मीटिंग आहे म्हणून, तर मीटिंगबिटिंग काही नव्हती, रविवारी कोण मीटिंग घेतं. गाडीत १८ टक्के चार्ज उरला होता आणि मला उजेडात कराडच्या चार्जरवर पोचायचं होतं. तिथे आधीच एक गाडी लावलेली, मग तिचं होईपर्यंत आणि मग माझं होईपर्यंत अडीच तास मी पार्किंगमध्ये बसून आईने बांधून दिलेली पोळी-भाजी खाल्ली, घरी पोचायला दहा वाजले. आई म्हणाली होती चहा घेऊन जा, पाहुण्यासारखी काय पळतेस, ते डोक्यात घोळत होतं सगळा रस्ता.

आणि हे झालं कशामुळे तर शनिवारी रात्रीच्या त्या प्रकारामुळे. बाबा तुम्ही उत्साहाने मिक्सरचा एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून बाहेर काढलात, मी चार्जर लावला तर लाल दिवा. दोनदा काढून लावला, तरी लाल. तुम्ही काही न बोलता पाण्याची बादली घेतलीत, तुळशीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलीत आणि दिवा हिरवा! मी तर बघतच राहिले. अर्थिंग बरोबर मिळालं नाही की हे चार्जर चालूच होत नाहीत, ते आपल्या सेफ्टीसाठीच असतं, आणि तो खड्डा भरून किती वर्षं झाली कुणास ठाऊक, त्यातलं मीठ पार वाहून गेलं असेल. पण हिरव्या दिव्याचा आनंद पाऊण तास टिकला, कारण आई आतून ओरडली काहीतरी जळतंय गं. बोर्डाचा प्लग तपकिरी झाला होता आणि वायर हाताला चटका बसेल इतकी गरम. मिक्सर दोन मिनिटं चालतो हो, गाडी दहा तास सलग ३ किलोवॅटच्या आसपास ओढते, म्हणजे रात्रभर दीड-दोन गिझर चालू ठेवल्यासारखं. आई जागी होती म्हणून बरं.

तर आपल्या वायरमनला बोलवून एवढं करून घ्या. मीटरपासून ओसरीपर्यंत वेगळी लाईन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मधे दुसरा काहीही जोड नको. त्यावर २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडतो तो स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (हा शॉक बसायच्या वेळी लाईन तोडतो, वायरमन म्हणेल गरज नाही, तरी लावाच). १६ अँपिअरचा सॉकेट चांगल्या कंपनीचा घ्या, पावसाचं पाणी लागणार नाही असा झाकणवाला. आणि अर्थिंगचा खड्डा नवीन. लाईटबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो बघा, १ किलोवॅट असेल तर वाढवून घ्यायला लागेल. पैसे मी पाठवते. नको म्हणाल माहितीये, तरी पाठवते.

बाबा तुमचा नेहमीचा प्रश्न, "ऑइल बदललंस का?" इंजिनच नाही तर इंजिन ऑइल कुठलं! स्पार्क प्लग नाही, क्लचप्लेट नाही. पण म्हणून काहीच करायला लागत नाही असं जे लोक सांगतात ते पण खरं नाही. कूलंट आहे, ब्रेक ऑइल आहे, एसीचा फिल्टर आहे, आणि टायर, ते लवकर झिजतात कारण बॅटरीमुळे गाडी जड आणि पिकअप अंगावर येणारा. ब्रेकपॅड मात्र खूप टिकतात, पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि उलट थोडी बॅटरी भरते. खंबाटकी चढताना टक्के भराभर पडतात आणि पलीकडे सुरूरकडे उतरताना आकडा जागचा हलत नाही, एखादवेळी एखाद टक्का वाढतो सुद्धा. तुम्ही उतारावर पेट्रोल वाचवायला बजाजची एम-८० बंद करायचात आणि आई मागे बसून ओरडायची, त्याची आठवण येते मला दर वेळी.

एकदा मात्र फजिती झाली, तुम्हाला सांगितलं नव्हतं. गणपतीच्या आधी दहा दिवस गाडी उभी होती, सकाळी बघते तर दारच उघडेना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि गाडी मुडदा! या गाड्यांमध्ये पण आपली साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती बसली की पुढचं काहीच जागं होत नाही. शेवटी चावीने दार उघडून शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर मारला. आता महिन्यातून एकदा शंभर टक्के चार्ज पण करते, नाहीतर माझ्या गाडीतल्या मोठ्या बॅटरीचा टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो.

"किती देते?" तर तुमच्यासारखीच डायरी ठेवलीये. ८० ने गेले तर युनिटला ७ किलोमीटर, १०० ने पळवली तर ६ च्या खाली. बॅटरी ३० युनिटची, म्हणजे हिशोब तुम्हीच करा, घर ते घर १६० किलोमीटर. येते आरामात, परत जायचं तर रात्रभर चार्ज हवाच. बाहेरच्या चार्जरला मला युनिटला २० रुपयांच्या आसपास पडतात, घरी त्याच्या निम्म्यात होतं. आणि तुम्ही पेपरचं कात्रण पाठवलं होतं ना इलेक्ट्रिक गाड्यांच्या टोल माफीचं, ते मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूचं आहे हो, २०२५ च्या ऑगस्टपासून. खेड शिवापूर आणि आनेवाडीला माझा कापतातच.

सोसायटीत चार्जिंग पॉइंटला परवानगी मिळवायला मला सात महिने लागले, कमिटीतले एक काका म्हणे आग लागेल. तुम्ही निदान तसं तरी म्हणणार नाही.

प्लग झाला की कळवा, त्याच शनिवारी येते आणि सोमवारी पहाटे निघते. आई, मग दोन्ही दिवस चहा तूच कर.

तुमची,
छकुली

ता.क. तो मिक्सरचा बोर्ड फेकून द्या. बाबा, टेप लावून परत वापरू नका, मला माहितीये तुम्ही लावली असेल.