ताई, पुस्तकासाठी आणि त्या बॅटरीसाठी

प्रिय ताई,

तुम्ही हे वाचून म्हणणार, अहो भाऊ एवढं काय त्यात, नऊ व्होल्टची बॅटरी तर काढली. म्हणूनच व्हॉट्सॲपवर नाही लिहिलं, तिथे तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवता. इथे चारचौघांत लिहितो म्हणजे शेवटपर्यंत वाचावं लागेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे, आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट झाला आणि इतर गोंयकारांसारखे आम्हीपण इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन पडलो. मी वेअरहाउसमध्ये नाइट शिफ्टला, बायको केअर होममध्ये. ताई सांगलीच्या, इथे एका शाळेत टीचिंग असिस्टंट आहेत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात.

पोरगा आठ वर्षांचा असताना ते पत्र आलं, ऑटिझम स्पेक्ट्रम, म्हणजे स्वमग्नता, असं लिहिलेलं. त्या महिन्यात सल्ल्यांचा नुसता पाऊस. बायकोच्या मावशीने देवाला गाऱ्हाणं घातलं, कोणी म्हणालं दूध बंद करा, कोणी म्हणालं परत गावाला या, मोकळ्या हवेत सुधारेल. तुम्ही आलात आणि पिशवीतून कादंबरी काढून टेबलावर ठेवलीत. मर्डर मिस्ट्री, तीपण कुत्र्याच्या मर्डरची. खरं सांगू, मला तेव्हा रागच आला होता. आमचं काय चाललंय आणि ह्या बाई काय देतायत.

'द क्युरियस इन्सिडन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम', मार्क हॅडनचं, 2003 सालचं. तुम्ही एवढंच म्हणालात की गोष्ट आपल्या स्विंडनची आहे, वाचा, पण आपल्या पोराला त्यात शोधत बसू नका. दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही.

माझं इंग्लिश म्हणजे पॅकिंग स्लिप वाचण्यापुरतं. रात्री अडीचच्या ब्रेकला कॅन्टीनमध्ये बसून रोज तीन-चार पानं. पहिल्याच रात्री तुम्हाला मेसेज टाकला होता, आठवतंय? ताई पुस्तक फाटलंय का, पहिलं प्रकरणच नाही, एकदम दोनपासून सुरू होतंय, चार पण नाही, सहा पण नाही. तुम्ही हसण्याचे पाच इमोजी पाठवलेत आणि मग लिहिलंत की त्या मुलाला मूळ संख्या आवडतात म्हणून त्याने प्रकरणांना तेच नंबर दिलेत. तो मुलगा म्हणजे ख्रिस्तोफर, पंधरा वर्षांचा, वाचणारे त्याला ऑटिझमवाला समजतात, रात्री बारा वाजून सात मिनिटांनी त्याला शेजारणीचा कुत्रा मेलेला सापडतो, अंगात बागेतला काटेरी फोर्क खुपसलेला, आणि हा ठरवतो की कोणी मारलं ते मी शोधणार. बाप म्हणतो नको, तरी शोधतो. कोणी मारलं ते इथे सांगत नाही, अजून वाचलं नसेल त्यांची मजा कशाला घालवू. पण ते कळतं तिथे मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो होतो, सुपरवायझर दोनदा हाक मारून गेला.

आणि मग मी तेच केलं जे तुम्ही नको म्हणाला होतात. ख्रिस्तोफरला पिवळा रंग चालत नाही, त्याचा बाप फ्लॉवर-बटाट्याची भाजी देतो तर हा आधी लाल रंग घालून मग खातो. झालं, मी घरातलं पिवळं सगळं बंद केलं. गोव्याच्या माणसाच्या घरात हळद बंद, विचार करा! पंधरा दिवस पांढरं वरण, आणि पोरगा ताट पुढे सरकवून विचारतो, पिवळी डाळ कुठाय. पुस्तकातला बाप मिठी मारत नाही कारण मुलाला आवडत नाही, मग दोघं हाताची बोटं पंख्यासारखी पसरून एकमेकांना टेकवतात. ते वाचून मला रडू आलेलं, सकाळी घरी येऊन मी पण हात तसा पुढे धरला. पोराने जवळ येऊन हात हुंगला आणि म्हणाला, पप्पा, खोक्याचा वास येतो. आणि गेला आपला टीव्ही बघायला.

पण सगळ्यात मोठा गाढवपणा आकड्यांचा. त्या हिवाळ्यात आमचा पोरगा पहाटे चार-साडेचारला उठून जिन्यात उभा राहायचा आणि मोजायचा. थर्टी-सेव्हन, थर्टी-एट, थर्टी-नाइन, फॉर्टी, की जोरात किंचाळायचा, परत वनपासून सुरू. रोज नाही, मध्येच चार दिवस काहीच नाही, मग सलग तीन दिवस. बायको वेडी व्हायची बाकी होती, शेजारच्यांनी भिंत ठोकून झालेली. आणि मी, घरी नसणारा, गावाला फोन करून सांगत होतो की पोराचं गणितात डोकं आहे, त्या पुस्तकातला मुलगा पण असाच. चाळीस ही मूळ संख्या नाही एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

मग तो जानेवारीतला दिवस. बायकोने पहाटे पाचला तुम्हाला फोन केला, तुम्ही गाउनवर कोट चढवून चालत आलात, बाहेर गाड्यांवर बर्फाचा थर. तुम्ही त्याला धरायला गेला नाहीत, शू शू केलं नाहीत, तिसऱ्या पायरीवर बसलात आणि बायकोला म्हणालात किटली बंद कर, फोन बंद कर, काही बोलू नको. ती सांगते की तुम्ही दहा मिनिटं नुसतं बघत होतात. आणि मग हळूच म्हणालात, हा किंचाळायच्या आधी कान झाकतोय.

अडतीसला कान झाकायचा, चाळीसला किंचाळायचा. म्हणजे काहीतरी येणार हे त्याला आधी माहीत होतं, नाहीतर कान कोण झाकेल? आम्ही सहा आठवडे फक्त किंचाळणं ऐकत होतो, आणि त्याच क्षणी वरती छताला जे 'चिक्' वाजत होतं ते त्या किंचाळण्याखाली दबून जात होतं. स्मोक अलार्म. बॅटरी संपत आली की तो दर तीस-चाळीस सेकंदांनी असा चिकचिकतो, आणि थंडीत बॅटरीचा जोर अजून कमी होतो म्हणून जास्त थंडी असेल त्याच रात्री, तीपण पहाटे. आम्ही बिल वाचवायला रात्री हीटिंग बंद ठेवायचो. सहाला हीटिंग सुरू, घर तापलं की अलार्म गप्प, आणि मी साडेसहाला घरी येईपर्यंत पुरावाच शिल्लक नाही.

तुम्ही बुटांसकट खुर्चीवर चढलात, तो डबा उतरवून बॅटरी काढलीत आणि त्याच्या हातात दिलीत. तो मोजत राहिला. फॉर्टी. फॉर्टी-वन. फॉर्टी-टू. शंभरपर्यंत गेला म्हणे, मग तिथेच जिन्यात तुमच्या कोटावर डोकं टेकून झोपला. मी हे बघायला नव्हतो ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर तुम्ही सांगितलंत की पुस्तकाचं नाव शेरलॉक होम्सच्या 1892 च्या गोष्टीतल्या कुत्र्यावरून घेतलंय, जो रात्री भुंकलाच नाही आणि होम्सने तेवढ्यावरून ओळखलं की चोर कुत्र्याच्या ओळखीचाच होता. आमच्याकडे उलटं. आमचा कुत्रा, म्हणजे तो अलार्म, भुंकत होता आणि पोरगा दर वेळी वेळ सांगत होता, आम्ही त्याला गणित समजत होतो.

हॅडनने स्वतःच म्हटलंय की ऑटिझम ह्या विषयातलं मला फारसं कळत नाही, आणि त्याने तो शब्द कादंबरीत कुठे वापरलेला पण नाही. हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक परत पहिल्यापासून वाचलं, म्हणजे दोनपासून. ह्या वेळी पोराला शोधलं नाही, नुसती गोष्ट वाचली. तो पोरगा खिशात उंदीर घेऊन आपल्याच स्टेशनवरून एकटा लंडनला निघतो तो भाग तर मी बायकोला मराठीत सांगितला, दोन रात्री लागल्या, जमेल तसा.

पुस्तक परत द्यायचं राहिलंय. पान साठच्या आसपास चहा सांडलाय, तो माझाच, नवीन घेऊन देऊ का सांगा.

आणि रविवारी जेवायला यायचं आहे, बांगड्याचं हुमण आहे, हळद घालून. फक्त बरोबर दहाला येऊ नका. नवीन अलार्म लावलाय त्याच्यावर पोराने तारखेची पट्टी चिकटवली आहे आणि दर रविवारी दहाला हेडफोन लावून, झाडूच्या दांड्याने त्याचं बटण दाबून चेक करतो. तेव्हा बेल वाजवली तर दार कोणी उघडणार नाही.

तुमचा,
दोन गल्ल्या पलीकडचा भाऊ