फायबरचा डबा आहे, नेट कुठंय?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट न्यायची केंद्राची योजना, तिच्या पुढच्या टप्प्याची बातमी आली की रक्कमच मोठ्या अक्षरात छापून येते म्हणून लिहितोय. २०२३ च्या ऑगस्टमधे केंद्राने या योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर केले. आकडा बघून कुणालाही वाटेल आता गावोगावी नेट धावणार. पण आमच्या ग्रामपंचायतीत फायबर येऊन कितीतरी वर्षं झाली, भिंतीवर डबा आहे, खाली बॅटरी आहे, वर सोलरची प्लेट पण आहे, आणि दाखल्याची प्रिंट काढायला ऑपरेटर पोरगा स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे अजून दोन गावांचा चार्ज, ते नसले की ऑफिसला कुलूप, मग तो डबा चालू काय न बंद काय.

योजना मुळात २०११ ची, तेव्हा नाव वेगळं होतं. २०२० च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की १००० दिवसांत देशातलं प्रत्येक गाव फायबरने जोडू. ते दिवस २०२३ च्या मे महिन्यातच संपले. मधे १६ राज्यांसाठी खासगी कंपन्यांना सोबत घेऊन करायचा घाट घातला तर टेंडर भरायलाच कुणी आलं नाही! आणि हा पैसा आभाळातून पडत नाही बरं का, मोबाईल कंपन्यांच्या कमाईतला ५ टक्के सरकारच्या फंडात जातो, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. त्या फंडाला आता डिजिटल भारत निधी म्हणतात.

माझं म्हणणं एकच आहे, केबल टाकायला पैसा मिळतो पण ती चालू ठेवायला जबाबदार माणूस मिळत नाही. जुनी केबल एका गावातून पुढच्या गावात अशी सरळ रांगेत गेलेली, त्यामुळे मधे कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद. आणि तुटते कशी तर रस्त्याचं रुंदीकरण आलं, नाहीतर नळपाणी योजनेचा पाइप टाकायला जेसीबी आला. खोदण्याआधी कळवायचं ॲप सरकारने २०२३ मधे काढलंय, पण आमच्याकडच्या जेसीबीवाल्याला ते माहीत असेल तर मी मिशी काढेन. नंतर जोडायला कोण येणार? पंचायत समितीत विचारलं तर म्हणे आमच्याकडे नाही, जिल्ह्याला विचारा.

आता नवीन कामात रिंग करणार आहेत, एकीकडून तुटलं तर दुसरीकडून चालेल, आणि १० वर्षं देखभालही काम घेणाऱ्यानेच करायची आहे. हे चांगलंच आहे. पण लाईन किती तास चालू होती हे ठरवणार कोण? दिल्लीतल्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागला म्हणजे गावात नेट आलं असं होत नाही. दर महिन्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ग्रामसभेत वाचा, आणि ग्रामपंचायतीची सही असल्याशिवाय देखभालीचं बिल काढू नका. शाळा, उपकेंद्र आणि रेशन दुकानाला पण त्याच लाईनवरून कनेक्शन द्या, नुसतं ऑफिसात ठेवून काय उपयोग.

ई-पीक पाहणीला, म्हणजे शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाची नोंद करायला, शेतात फायबर येणार नाही हे मलाही कळतं, पण गावाजवळच्या टॉवरला ही लाईन दिली तर शेतातही रेंज सुधारेल ना? लाडकी बहीणच्या ई-केवायसीला ओटीपी यावा म्हणून बाया टेकाडावर जाऊन उभ्या राहत होत्या, त्याच गावच्या ऑफिसात फायबर आलेलं होतं.

आपल्या वार्ताहरांनी एकदा एका तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायती फिरून किती ठिकाणी हे नेट खरंच वापरात आहे ते मोजून छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पेठ तालुका, जि. नाशिक